कंबर आधी, खांदा मागून

काय सांगू बाई तुम्हाला, माह्या जलमाचं गाव कोणतं ते मला इचारू नका, आमाला गाव न्हवतंच. आमी लोहार, पण गावात घर बांधून राहणारे नाय, पालावरचे. आज इथं तर आठ दिसांनी तिथं, बैलगाडीत ऐरण घालायची, भाता घालायचा, कोळशाचं पोतं, कोंबड्या, लेकरं, सगळं घालायचं आन् निघायचं. आई म्हणायची तू सोयगावच्या वाटंवर झालीस, ज्वारीची सोंगणी चालू व्हती, एका वावरवालीनं गरम पाणी करून दिलं आन् तिच्याच जुन्या लुगड्यात तुला गुंडाळलं. राज निजामाचं व्हतं. आमाला राज कुणाचं त्याचं काय, कुणाचं बी असलं तरी पेरणीच्या आधी फाळ लावाया लोक आमच्याकडंच यायचे. निजामाचा पोलीस जवान फेरीला आला की एखादा विळा उचलायचा आन् सलाम घेऊन जायचा, तेवढंच आमचं आन् सरकारचं नातं. घरात आमची बोली येगळी हाय, ती तुम्हाला कळायची नाय, म्हणून तुमच्यासारखी बोलते.

तुमी माह्या नातीच्या खेळाच्या बाई, तुमी इचारलं म्हणून सांगते, न्हायतर ह्या गोष्टी आता कोण इचारतं. आमच्यात गडी बसतो आन् बाई उभी राहती. म्हंजी असं बगा, ऐरणीपाशी गडी बसणार, डाव्या हातात सांडशी, सांडशीत लालबुंद लोखंड, उजव्या हातात बारकी हातोडी. त्यानं हातोडीनं टक् करून दावायचं, इथं हाण. की बाईनं तिथंच घण हाणायचा, त्याच जागी, बोटभर इकडं नाय का तिकडं नाय. घण म्हंजी काय, तुमचं ते बेसबालाचं दांडकं नाय, बारक्या लेकराएवढं वजन असतं त्याला, वर लांब दांडा. आन् तो सारखा हाणायचा, लोखंड लाल हाय तवर, टक् धाड, टक् धाड. लोक बघत उभे राहायचे, म्हणायचे बाईमाणूस घण मारतंय. आमाला त्यात काय नवल न्हवतं. आमच्यात पोरगी बघाया आले की रांधाया येतं का ते कुणी इचारत नाय, घण येतो का इचारतात.

आन् मला येत न्हवता. व्हय, खरं सांगते. मी आईची सगळ्यात धाकटी, माह्या वरच्या बहिणी तगड्या, त्याच आईच्या जागी उभ्या राहायच्या, मी आपली भाता वढायची. माह्या वाटंला घण आलाच नाय कवा. लगीन ठरवताना माह्या बापानं सांगितलं, येतो येतो, आमच्या घरात सगळ्यांना येतो. आई चुलीकडं वळली.

लगीन झालं, पालात आले. मालक म्हंजी माह्या नातीचे आजोबा, लई शांत माणूस, तोंडातून शब्द निघाया पान खावं लागायचं. सासरा लवकर वारलेला, तवापासून माही सासू, तिला मी आत्याबाई म्हणायचे, ती एकटी लेकासाठी घण मारायची. उंच, काळीशार, दंडावर गोंदलेलं, आन् चालायची तर अशी की रस्त्यानं येणारा बाजूला व्हायचा. आमच्यात नवऱ्यानं बायकोसाठी घण सोता घडवायचा असतो. मालकानं घडवला, आत्याबाईनं उचलून बघितला, म्हन्ली बरा हाय, माह्या घणाएवढाच हाय. मंग त्याला हळद लावली, मी ऐरणीच्या पाया पडले आन् तिनं तो माह्या हातात दिला. तिच्या तोंडावर मी कवा पाह्यलं न्हवतं इतकं समाधान व्हतं. आता सून आली, आता मी बसंन, असं.

दुसऱ्या दिवशी तिला कळलं. मी घण उचलायचे आन् हातानं हाणायचे. खांद्यानं उचलायचा, खांद्यानंच खाली आणायचा. दहा-पंधरा घाव झाले की हात लटलट कापाया लागायचे, मंग घण तिरका पडायचा, फाळ वाकडा व्हायचा, मालक बिचारा सांडशीनं सावरून घ्यायचा. सांजच्याला खांदा असा सुजायचा की चोळीची बाही चढायची नाय. आत्याबाई तेल लावून चोळायची आन् चोळता चोळताच शिव्या द्यायची. म्हणायची, खांदा कामून दुखतो तुझा? खांदा दुखायचं काम नाय. कंबर दुखली पायजे, कंबर. मी मनात म्हणायचे, बाई येडी हाय का, घण हातात हाय आन् कंबर कशी दुखंल.

असं पेरणीपासून पोळ्यापोहोत गेलं. लोक परत जाया लागले, फाळ दुसरीकडून करून आणाया लागले. मंग एक दिवस आत्याबाईनं मला समोर बसवलं. रागानं बोलली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती सरळ बोलली. म्हन्ली, पारू, मी थकले. माह्यानं अजून वरीस दोन वरीस निघंल, पुढं नाय. घणाबिगर लोहाराची चूल पेटत नाय. दिवाळीच्या आधी आपण पिशोरच्या बाजाराला पाल टाकणार, तुह्या मायबापाचं पाल बी तिथं येतं. तवर घण आला तर आला. नाय आला तर तुला तिथं सोडीन आन् लेकाला दुसरी करीन. तुह्यावर राग नाय माहा, पण पोटाला काय सांगू?

मी बाहेर येऊन गाडीच्या चाकाआड बसून लई रडले. माहेरला परत गेलेली लोहाराची पोर म्हंजी काय असती, ते मी पाह्यलं व्हतं, माही मावशी तशीच व्हती. कुणी वंगाळ बोलायचं नाय तिला, पण ताटात वाढताना सगळ्यात शेवटी वाढायचे. आन् मालक मला आवडाया लागले व्हते बाई, खोटं कशाला बोलू आता ह्या वयात.

मंग आत्याबाईनं शिकिवणं धरलं. कसं, ते ऐका, तुमच्या कामाचं हाय. तिनं सासऱ्याचा जुना पटका घेतला आन् माही दोन्ही कोपरं बरगडीला कचकून बांधली. हात वर जाईना का खाली. मंग कोळशाची अर्धी गोणी दोन्ही हातात दिली आन् म्हन्ली, आता ही तुह्या उजव्या अंगानं डाव्या अंगाला फेक. म्हन्लं कशी फेकू, हात बांधलेत. म्हन्ली, तेच तर. मी फेकाया गेले तर गोणी पायापाशीच पडली. परत. परत पडली. शेजारच्या पालातल्या बाया हसू हसू बेजार. मंग तिनं मागून येऊन माही कंबर धरली दोन्ही हातांनी आन् एकदम वळवली, जसं चाक फिरवतात, उजवी टाच आपोआप उचलली गेली आन् गोणी उडाली, भात्यापोहोत जाऊन पडली. मी बघतच राह्यले. हात तर हाललेच न्हवते.

तुमी पोरींना तो जड चेंडू भिंतीवर फेकाया लावता ना, माही नात सांगत व्हती, तेच हे. ती घरी आली तवा दांडकं घेऊन दावाया लागली, आजी असं उभं राहायचं, असं वळायचं, आधी कंबर मंग खांदा मंग हात. मी म्हन्लं अगं हे तुला कुणी शिकिवलं? म्हन्ली आमच्या बाईनं. मला वाटलं बाई आमच्यातल्याच हायत की काय.

तर आत्याबाई सांगायची, घण मागं गेला ना, तो मागंच असू दे, त्याला वढू नको. तू कंबर म्होरं काढ. डावा पाय रोवलेला, उजवी टाच सुटलेली, कंबर निघाली ऐरणीकडं आन् खांदा अजून मागंच हाय. ह्या मधल्या वक्ताला अंगाला पीळ बसतो. लुगडं पिळताना एक टोक इकडं वळवतो आन् दुसरं दाबून धरतो, तसा. मंग तो पीळ सोडला की खांदा येतो, कोपर येतं, आन् घण आपला आपण येतो, हातांनी फक्त धरायचं आन् वाट दावायची. कंबरंच्या आधी खांदा निघाला तर पीळच नाय, मंग तुही ताकद फक्त दंडाची, आन् दंडात हाय काय? आन् कंबर लईच लवकर पळाली तर घण मागं राहतो आन् ऐरणीच्या बाहेर पडतो. हे बी माहं झालं, एकदा घण जमिनीत रुतला, मालकानं शांतपणे बाजूला सरकून पान थुकलं आन् परत बसले.

असं जमत आलं व्हतं बगा, आन् नेमका आत्याबाईला हिवताप आला. ती पालात गोधडीखाली कुडकुडत पडली. मालकानं माहा घण घेतला, म्हन्ले दांडा ढिला झालाय, ठोकून देतो. दिला तर घणाच्या मधी, दांड्याभवती, कातड्याची पट्टी गुंडाळलेली, म्हन्ले आता निसटायचा नाय. आन् काय सांगू, त्या दिवसापासून माहं काम फुलावानी. घण उचलला की वर, आन् वरून की खाली, टक् धाड टक् धाड. खांदा सुजायचा बंद. मला वाटलं आलं गं बाई, विद्या आली एकदाची. मी गाणं म्हणत घण मारायचे. मालक खाली बघून हसायचे. मला वाटायचं माह्यावर खूश हायत.

पिशोरला पाल पडलं. बाजाराचा दिवस, ही गर्दी, मिरच्यांचे ढीग, बैलांचा बाजार, चिवड्या-भज्याची दुकानं. माहेरचं पाल वढ्याच्या अल्याड व्हतं, आई-बाप येऊन बसले व्हते सकाळपासून, आईनं लपवून एक गठुडं आणलं व्हतं, ते मी वळखलं, आत्याबाईचा निरोप तिला पोचला व्हता, मला परत न्यावं लागलं तर माह्यासाठी जागा करून ठिवली व्हती तिनं. आत्याबाईचा ताप उतरला व्हता पण अजून काठी टेकत व्हती. ती येऊन खाटंवर बसली.

तेवढ्यात चांदसाब आले. पिशोरचेच कापसाचे व्यापारी, आमाला सगळ्यांना वळखायचे. त्यांच्या गाडीचा लोखंडी आस वाटंत मधोमध तुटला व्हता, दोन तुकडे खांद्यावर घालून गडी आला मागून. चांदसाब आत्याबाईला म्हन्ले, खाला, आजिच होना देखो, गाडी भरी खडी है, बैलां रस्ते पे हैं. आत्याबाईनं आस बघितला. तुटलेला आस जोडणं म्हंजी फाळ करणं नाय बाई. दोन्ही तोंडं पांढरी होईस्तवर तापवायची, रेती टाकायची, एकमेकावर ठिवायची आन् थंड व्हायच्या आत घणानं एकजीव करायची. घाव आतपोहोत गेला पायजे, वरवरचा चालत नाय. ती म्हन्ली, करंल, सून करंल. आन् माह्याकडं पाह्यलं. मला कळलं आजचा निकाल ह्याच्यावर हाय.

आईनं भाता धरला, लोखंड तापलं, मालकानं ठिवलं, टक् केलं, मी हाणला. घाव पडत व्हते, बराबर जागी पडत व्हते, ठिणग्या उडत व्हत्या, लोक म्हणत व्हते वा वा. लोखंड काळं पडलं. मालकानं उचलून ऐरणीवर आपटून बघितला, आन् आस सुटला. दोन तुकडे परत दोनीकडं. इतकं चांगलं हाणलं आन् असं कसं?

आत्याबाई उठली. माह्याकडं आली नाय, घणाकडं आली. माह्या हातातून घेतला, एकदा वर-खाली केला, कातड्याची पट्टी नखानं सोडली. आत लोखंड कमी केलेलं, घणाच्या कंबरंपाशी, म्हंजी मधी, बारीक केलेलं, तोंड तेवढं मोठं ठिवलेलं. मालकानं चुलतभावाला हाताशी धरून, ती तापात पडली असताना माहा घण हलका करून दिला व्हता, माह्या खांद्याची दया आली म्हणून. मला सुदीक सांगितलं न्हवतं. आत्याबाईनं लेकाकडं पाह्यलं. तो मान खाली घालून बसला, कान लाल. आन् सगळा बाजार बघतोय, माह्या मायबापासकट. ती त्याला हळूच म्हन्ली, अरे बाबा, तू हिला मदत केलीस का हिची कंबर चोरलीस? हलका दिला की हात काम करतात, कंबर झोपून राहती.

मंग तिनं सोताचा घण आणला पालातून. तिच्या हातांनी दांडा गुळगुळीत झालेला, सासऱ्यानं घडवलेला. माह्या हातात दिला आन् म्हन्ली, परत तापवा.

मी तो घण धरला. किती जड. इतक्या दिवसाची हलक्याची सवय, हात म्हणाया लागले आमच्यानं नाय व्हायचं. लोखंड पांढरं झालं, मालकानं ठिवलं, टक् केलं, आन् मी पयला घाव खांद्यानं हाणला. बोदा. आवाजच बोदा आला. दुसऱ्या टक्च्या आधी मला कंबरंवर दोन हात जाणवले. आत्याबाई, काठी टाकून, भर बाजारात, सगळ्या गावादेखत, माह्या मागं उभी राहून माही कंबर धरलेली. आन् तिनं ती वळवली. घण मागं व्हता, खांदा मागं व्हता, कंबर निघून गेली म्होरं, आन् मंग सगळं अंगच आलं बाई मागून, तळपायापासून. धाड. ऐरण अशी बोलली की चांदसाबचे बैल दचकले म्हणं. तिनं हात काढले. पुढचा घाव माहा एकटीचा व्हता. त्याच्या पुढचा बी. मालक आस फिरवत व्हते, टक् करत व्हते, आन् मला हात हायत का नाय ते बी कळत न्हवतं, नुसती कंबर वळत व्हती.

आस थंड झाल्यावर मालकानं आपटला. चांदसाबनं आपटला. गड्यानं दगडावर घातला. हालला नाय. चांदसाब म्हन्ले, वा बेटी, गाडी मोडेगी, आस नै मोडता. आन् खरंच, तो आस मी कितीतरी वर्सं पाह्यला बाजारात, गाडी दोनदा बदलली त्यांनी.

आत्याबाई मंग माह्या आईपाशी गेली आन् म्हन्ली, उठ गं, ती जागा माही हाय आता. आन् भात्यावर बसली. तिनं परत घण धरला नाय कवाच. आई गठुडं घेऊन उभी, तिला समजंना हसावं का रडावं, शेवटी तिनं ते सोडलं, त्यात माह्या लहानपणची गोधडी आन् धपाटे बांधून आणलेले. धपाटे आमी सगळ्यांनी तिथंच बसून खाल्ले, चांदसाबनं चहा मागिवला. गोधडी आईनं परत नेली. सांजच्याला मी मालकाला लई बोलले. म्हन्लं परत दया आली तर एक भाकर जास्ती द्या, घणाला हात लावू नका. ते म्हन्ले बरं. आन् दुसऱ्या दिवशी दोन भाकरी माह्या ताटात. जलमभर तेच चाललं, त्यांच्या दयेपायी मी जाड झाले.

मंग निजामाचं राज गेलं, पालं बी कमी झाली, आमी औरंगाबादेत उस्मानपुऱ्याकडं येऊन टेकलो, तवा तिकडं सगळी मोकळी रानंच व्हती. मालक गेले त्याला आता बरीच वर्सं झाली, सुखानं गेले, दोन्ही हात धड घेऊन गेले. लेकाचं वेल्डिंगचं दुकान हाय, तो म्हणतो आई आता कुणी घण मारत नाय. नसंना का. नात दांडकं फिरिवती, चेंडू हाणती, तेच पुरं. तुमच्या हाताखाली हाय, मला काळजी नाय. तुमचं बी भलं व्हवो बाई, सगळ्या पोरींचं भलं व्हवो.

माहं काय, मी खुशीत हाय. चालाया तेवढं येत नाय आता. मागं लेकानं सरकारी दवाखान्यात नेलं, डाक्तरीणबाईनं सगळ्या अंगाचे फोटू काढले, उजेडाकडं धरून बघितले, म्हन्ली आजी, उजवा खुबा पार झिजलाय तुमचा, पण खांदे मात्र चांगले हायत, ह्या वयात असे खांदे बघाया मिळत नायत, काय काम करायचा तुमी? मी टेबलावर पडल्या पडल्या हसाया लागले. ती म्हन्ली, दुखतंय आन् हसता कशाला? म्हन्लं दुखतंय ना बाई, लई दुखतंय, पण जिथं दुखाया पायजे तिथंच दुखतंय.